डेव्हिड वॉर्क ग्रिफिथ : चित्रपटीय निवेदनाची घडण आणि वंशप्रतिमांचा प्रश्न

डेव्हिड वॉर्क ग्रिफिथ ह्याचा जन्म २२ जानेवारी १८७५ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, ओल्डॅम परगण्यातील एका शेतवाडीवर झाला. यादवी युद्ध संपून त्या वेळी दहा वर्षे होत आली होती. परंतु ज्या घरात तो वाढला त्या घरापुरते ते संपलेले नव्हते. वडील जेकब ग्रिफिथ हे दक्षिणेच्या बाजूने घोडदळात कर्नल म्हणून लढलेले, युद्धात जखमी झालेले आणि नंतर राज्याच्या विधिमंडळात बसलेले गृहस्थ. युद्धापूर्वी ह्या कुटुंबाच्या मालकीचे गुलाम होते. युद्धानंतर गुलाम गेले, पैसा गेला आणि उरल्या त्या युद्धाच्या कथा. त्या रंगवून सांगण्याची कला वडिलांना उत्तम साधली होती. आपली सर्वांत जुनी आठवण वडिलांच्या तलवारीची आहे, असे ग्रिफिथने पुढे सांगितले आहे. घरातल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय माणसाने भावाचे केस नव्या धर्तीने कापले म्हणून वडिलांनी खोट्या रागाने त्याच्यावर तलवार उपसली, अशी ती आठवण. मुलाला तो प्रसंग गमतीचा आणि वडिलांच्या रुबाबाचा वाटला. तलवारीच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला तो कसा वाटला असेल, हा प्रश्न त्या आठवणीत कोठेही येत नाही. ग्रिफिथच्या चरित्राचा विचार करताना ह्या गाळलेल्या बाजूकडे वारंवार परत यावे लागते.

१८८५ मध्ये वडील वारले. कर्जाने पोखरलेली शेतवाडी पुढे सोडावी लागली आणि आई मुलांना घेऊन लुइव्हिल शहरात आली. तिने चालविलेली खाणावळही फार काळ टिकली नाही. डेव्हिडने कापडाच्या दुकानात व पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली. ह्या दुसऱ्या नोकरीत त्याचे डिकन्स व व्हिक्टोरियन कवी ह्यांचे वाचन झाले. नंतरची दहाबारा वर्षे फिरत्या नाटकमंडळ्यांतून नट म्हणून भटकण्यात गेली. नट म्हणून त्याने लॉरेन्स हे नाव घेतले होते. खरे नाव त्याने नाटककार म्हणून होणाऱ्या कीर्तीसाठी राखून ठेवले असावे. ती कीर्ती आली नाही. १९०६ मध्ये लिंडा आर्व्हिडसन ह्या नटीशी त्याचा विवाह झाला, १९०७ मध्ये त्याचे नाटक वॉशिंग्टनमध्ये रंगभूमीवर आले आणि लगेच उतरले. चलच्चित्रे हा त्या काळी प्रतिष्ठित नटाला शोभणारा धंदा नव्हता. पोटासाठी तो तेथे गेला. एडिसनच्या कंपनीत एडविन एस. पोर्टर ह्याने त्याची पटकथा नाकारली, पण १९०८ च्या आरंभी 'रेस्क्यूड फ्रॉम अ‍ॅन ईगल्स नेस्ट' ह्या लहानशा चित्रपटात नट म्हणून काम दिले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावरील बायोग्राफ कंपनीत त्याला दिग्दर्शनाची संधी मिळाली. पहिला चित्रपट 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ डॉली' १९०८ च्या जुलैत प्रदर्शित झाला. पळवून नेलेल्या मुलीची ती कथा आहे आणि पळविणारे जिप्सी आहेत. घर, घरातले निरागस मूल आणि बाहेरून येणारा परका ही त्रयी पहिल्याच चित्रपटात हजर आहे, ही गोष्ट नंतरच्या घडामोडींच्या प्रकाशात सूचक वाटते. अर्थात, हा साचा ग्रिफिथचा स्वतःचा नव्हे. तो त्या काळच्या अतिनाट्यातून आलेला होता.

१९०८ ते १९१३ ह्या अवधीत ग्रिफिथने बायोग्राफसाठी साडेचारशेहून अधिक चित्रपट केले. बहुतेक एका रिळाचे, म्हणजे फार तर पंधरा मिनिटांचे. आठवड्याला दोन ह्या गतीने काम करणाऱ्या माणसाला सिद्धान्त मांडण्यास सवड नव्हती. तरीही ह्याच पाच वर्षांत चित्रपट हा देखाव्यांचा खेळ न राहता निवेदनाचा प्रकार झाला, असे चित्रपटाचे इतिहासकार मानतात. येथे एक दंतकथा दूर सारणे आवश्यक आहे. कंपनी सोडल्यावर, डिसेंबर १९१३ मध्ये, ग्रिफिथने एका नाट्यविषयक नियतकालिकात जाहिरात देऊन समीपदृश्य, दूरदृश्य, मागेपुढे जाणारे संकलन, दृश्य विरत नेण्याची युक्ती इत्यादींचे जनकत्व स्वतःकडे घेतले आणि पुढील अनेक पुस्तकांनी ते निमूटपणे मान्य केले. वस्तुतः समीपदृश्य इंग्लंडमधील जी. ए. स्मिथ ह्याच्या १९०० मधील चित्रपटात आढळते आणि दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखविण्याची रीत पाथे कंपनीच्या १९०८ मधील 'द फिजिशियन ऑफ द कॅसल' ह्या चित्रपटात स्पष्ट दिसते. ग्रिफिथचे कर्तृत्व शोधांत नाही. विखुरलेल्या युक्त्यांना निवेदकाचे काम देण्यात ते आहे.

टॉम गनिंग ह्या अभ्यासकाने १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ह्या कर्तृत्वाला निवेदक-व्यवस्था असे नाव दिले आहे. कादंबरीत निवेदकाचा आवाज असतो. मूकपटात आवाज नाही. मग कथा कोण सांगते? गनिंगच्या मते कॅमेऱ्यापुढे मांडलेले जग, चौकटीची निवड आणि दृश्यांची जोडणी ह्या तिन्ही पातळ्या एका हेतूने एकवटतात, तेव्हा प्रेक्षकाला पडद्यामागे कोणी सांगणारा, तुलना करणारा आणि न्याय देणारा आहे ह्याची जाणीव होते. टेनिसनच्या 'ईनॉक आर्डन'वर आधारलेल्या 'आफ्टर मेनी यिअर्स' (१९०८) ह्या चित्रपटाचे उदाहरण नेहमी दिले जाते. घरी वाट पाहणाऱ्या पत्नीच्या दृश्याला निर्जन बेटावरील पतीचे दृश्य जोडलेले आहे. त्या दोघांत शेकडो मैलांचे अंतर आहे. त्यांना जोडतो तो केवळ निवेदक. लिंडा आर्व्हिडसन हिच्या आठवणींनुसार कंपनीतील मंडळींना हे अनाकलनीय वाटले, तेव्हा ग्रिफिथने डिकन्सचा दाखला दिला. पुढच्याच वर्षीच्या 'अ कॉर्नर इन व्हीट'मध्ये गव्हाचा बाजार मुठीत धरणाऱ्या सटोडियाच्या मेजवानीला पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या गरिबांचे जवळजवळ निश्चल दृश्य जोडलेले आहे. तेथे पाठलाग नाही, सुटका नाही. दोन दृश्यांच्या शेजारामुळे उभे राहते ते नैतिक विधान. हे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे, कारण समांतर संकलनाचे तंत्र मुळातच भीतीचे व द्वेषाचे वाहन होते असे म्हणण्यास ते आड येते.

'द लोनली व्हिला' (१९०९) मध्ये ह्याच तंत्राचा दुसरा उपयोग दिसतो. आई आणि मुली घरात अडकलेल्या, चोर दार फोडत आहेत, पती दूरध्वनीवरून हे ऐकतो आणि परत धावतो. घरातील भेदरलेल्या स्त्रिया, दाराशी चोर, रस्त्यावर पती ह्या तीन रेषा आळीपाळीने येतात आणि तुकडे आखूड होत जातात. प्रॉपने रशियन लोककथांत दाखविलेली खलनायकाची आगळीक, संकट आणि सुटका ही कार्ये येथे संकलनाच्या लयीत उतरली आहेत. प्रॉपच्या मांडणीत कार्य महत्त्वाचे, ते कोण करतो हे गौण. राक्षसाची जागा अजगराने घेतली तरी कथा तीच. परंतु समाजात ही जागा कधीच रिकामी नसते. दाराबाहेर कोणाला उभे करायचे हा निर्णय कथेच्या व्याकरणात होत नाही. तो इतिहासात होतो.

त्या निर्णयाची पूर्वतयारी बायोग्राफच्या काळातच दिसते. १९११ च्या जानेवारीत 'हिज ट्रस्ट' व 'हिज ट्रस्ट फुलफिल्ड' असे एकाच कथेचे दोन भाग आले. मालक युद्धात पडतो. जॉर्ज नावाचा त्याचा गुलाम जळत्या घरातून मालकाची मुलगी आणि मालकाची तलवार वाचवितो, विधवेला आपली झोपडी देऊन स्वतः बाहेर निजतो आणि स्वातंत्र्य मिळाल्यावरही आपली गाठची पुंजी गुपचूप त्या मुलीच्या शिक्षणासाठी खर्च करतो. शेवटी तिचा विवाह होतो. जॉर्जच्या वाट्याला एक हस्तांदोलन येते आणि तो समाधानाने आपल्या झोपडीत परततो. ही भूमिका तोंडाला काळा रंग फासलेल्या विल्फ्रेड लुकस ह्या गोऱ्या नटाने केली आहे. केंटकीच्या घरातली ती तलवार येथे पडद्यावर आली, हे उघड आहे. मूळ निवासींविषयीही असेच द्वैत आढळते. 'द रेड मॅन्स व्ह्यू' (१९०९) व 'रमोना' (१९१०) ह्यांत गोऱ्यांनी केलेल्या अन्यायाबद्दल खरी कणव आहे, तर 'द बॅटल अ‍ॅट एल्डरबुश गल्च'मध्ये तेच लोक झोपडीला वेढा घालणारी झुंड होऊन येतात. जो निष्ठावंत आहे किंवा जो नामशेष होत चालला आहे त्याला ग्रिफिथची सहानुभूती मिळते. जो हक्क मागतो त्याला ती मिळत नाही.

डॉनल्ड बोगल ह्याने १९७३ मध्ये अमेरिकी चित्रपटांतील कृष्णवर्णीयांच्या पाच ठोकळेबाज प्रतिमांची मांडणी केली. निष्ठावंत सेवक, विदूषक, दोन वंशांत अडकलेली मिश्रवंशीय व्यक्ती, घरातली धिप्पाड दाई आणि वासनांध आडदांड पुरुष ह्या त्या प्रतिमा होत. पहिल्या चार ग्रिफिथपूर्वी रंगभूमीवर व पडद्यावर रुळल्या होत्या. पाचवीला मोठ्या चित्रपटात ठसठशीत रूप दिले ते ग्रिफिथने, १९१५ मध्ये. टॉमस डिक्सन ह्या दक्षिणी लेखकाची 'द क्लॅन्समन' ही कादंबरी व तिचे नाट्यरूप १९०५ मध्ये आले होते. तिचे हक्क ग्रिफिथने घेतले. ठरलेले दहा हजार डॉलर देणे न जमल्याने डिक्सनला अडीच हजार रोख आणि नफ्यातील चतुर्थांश देण्याचे ठरले व त्यातून लेखक गडगंज झाला. चित्रीकरण १९१४ च्या उन्हाळ्यात सुरू झाले, छायालेखक बिली बिट्झर होता. लांबी बारा रिळे, म्हणजे सुमारे तीन तास. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी लॉस एंजेलिस येथे 'द क्लॅन्समन' ह्याच नावाने पहिला खेळ झाला. ३ मार्च रोजी न्यूयॉर्कला तो 'द बर्थ ऑफ अ नेशन' ह्या नावाने, दोन डॉलरच्या तिकिटाने आणि वाद्यवृंदाच्या साथीने सुरू झाला. मधल्या काळात, १८ फेब्रुवारीला, तो व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन ह्यांना दाखविण्यात आला. विल्सन ह्यांच्या तोंडी घातले जाणारे प्रशंसापर वाक्य सर्वत्र छापले जाते, पण ते त्यांनी उच्चारल्याचा समकालीन पुरावा नाही. चित्रपटातील मजकुराच्या पाट्यांवर मात्र विल्सन ह्यांच्या इतिहासग्रंथातील उतारे घेतलेले आहेत, आणि अधिकृततेचा आभास निर्माण करण्यास तेवढे पुरेसे होते.

ह्या चित्रपटाच्या निवेदनात दोन आवाज एकमेकांत मिसळले आहेत. एक इतिहासकाराचा, दुसरा कादंबरीकाराचा. दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळाचा प्रसंग ह्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. पाटीवर सांगितले जाते की सभागृहाची ही हुबेहूब प्रतिकृती असून ती छायाचित्रावरून केलेली आहे. मग रिकामे सभागृह दिसते आणि त्याच चौकटीत विरघळत्या दृश्याने ते कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी भरून जाते. कोणी बूट काढून पाय मेजावर टाकले आहेत, कोणी मांस खात आहे, कोणी चोरून दारू पीत आहे. छायाचित्राने प्रमाणित केली होती ती भिंती, बाके आणि खिडक्या. माणसांचे वर्तन व्यंगचित्रांतून व दक्षिणी प्रवादांतून आलेले होते. परंतु चौकट हललेली नसल्याने वास्तूची विश्वसनीयता वर्तनाकडे संक्रांत होते. दृश्य विरघळविण्याच्या एका साध्या युक्तीने निवेदकाने साक्षीदाराची जागा घेतली. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या काळात त्या राज्याच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीयांचे बहुमत होते, हे खरे आहे. त्या सभागृहांनी सार्वजनिक शाळांची पायाभरणी केली, हेही खरे आहे. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ह्यांनी १९३५ मध्ये ह्या काळाचा इतिहास नव्याने लिहिला, तोपर्यंत विद्यापीठांतही प्रचलित असलेले चित्र चित्रपटाहून फार निराळे नव्हते. म्हणजे अज्ञान केवळ ग्रिफिथचे नव्हते. पण त्या अज्ञानाला डोळ्यांदेखतच्या पुराव्याचे रूप देणारा तो होता.

गस आणि फ्लोरा ह्यांचा प्रसंग आणखी गुंतागुंतीचा आहे. फ्लोरा कॅमेरॉन झऱ्यावर पाणी आणण्यास एकटी जाते, खारीकडे पाहत रमते. झाडाआडून गस तिला पाहत असतो. गस हा मुक्त झालेला गुलाम, आता सैन्यात अधिकारी. वॉल्टर लाँग ह्या गोऱ्या नटाने काळा रंग फासून ही भूमिका केली. तो पुढे येऊन आपले पद सांगतो आणि विवाहाची इच्छा व्यक्त करतो. ती पळते, तो पाठलाग करतो, तिचा भाऊ शोधत येतो आणि ती कड्यावरून उडी घेते. निवेदनशास्त्रात जेरार जेनेटने कोण बोलते आणि कोण पाहते ह्या दोन प्रश्नांत भेद केला. येथे गसचे पाहणे दिसते. त्याचे वाटणे कधीच दिसत नाही. फ्लोराचे खेळकरपण, भावाची काळजी, आईची वाट पाहणे ह्यांना समीपदृश्ये मिळतात. गसच्या समीपदृश्यात मिळते ती धमकी. विवाहाची मागणी हीच येथे अत्याचार ठरते, आणि मागणी व अत्याचार ह्यांतील अंतर पाठलागाच्या लयीत बुजून जाते. मांथिया दियावारा ह्याने १९८८ मधील एका निबंधात ह्याच प्रसंगाच्या आधारे विचारले की कृष्णवर्णीय प्रेक्षकाने येथे कोणत्या जागी बसावे. कथनाची सर्व रचना त्याला फ्लोराच्या बाजूस ओढते. गसशी तादात्म्य पावणे शक्य नाही आणि स्वतःविरुद्ध तादात्म्य पावणे सोसत नाही. निवेदनाने देऊ केलेली जागा नाकारणारा प्रेक्षक ही संकल्पना ह्या चर्चेतून पुढे आली.

अखेरच्या भागात 'द लोनली व्हिला'चे यंत्र भव्य प्रमाणावर फिरते. कॅमेरॉन कुटुंब उत्तरेच्या दोन जुन्या सैनिकांच्या झोपडीत आश्रयाला आले आहे आणि कृष्णवर्णीय सैनिकांनी तिला वेढा घातला आहे. गावात मिश्रवंशीय सायलस लिंच एल्सी स्टोनमनला बळाने विवाहास भाग पाडू पाहतो. पांढऱ्या झग्यांतील क्लॅनचे स्वार दौडत येत आहेत. वाद्यवृंद वॅगनरचे संगीत वाजवीत आहे. आतील प्रत्येक जागा गोरी आणि बाहेरील प्रत्येक धोका काळा, अशी अवकाशाचीच वंशवार वाटणी झालेली आहे. उत्तर आणि दक्षिण ह्यांचे जुने शत्रू आर्यवंशाच्या जन्मसिद्ध हक्कासाठी एक झाल्याचे पाटीच सांगते. राष्ट्राचा जन्म तो हाच. प्रेक्षकाला हे पटावे लागत नाही. त्याला फक्त स्वार वेळेवर पोहोचावेत असे वाटावे लागते, आणि तसे वाटणे ही तंत्राने घडवून आणलेली शारीरिक प्रतिक्रिया आहे. सुटकेनंतर निवडणुकीच्या दिवशी शस्त्रधारी स्वारांची रांग पाहून कृष्णवर्णीय मतदार झोपडीत परततात, हे दृश्य आनंदपर्यवसायी म्हणून येते. मताधिकार काढून घेणे हा कथेतील संकटाचा परिहार आहे. पाठलागाची उत्कंठा आणि हा परिहार ह्यांना वेगळे करून केवळ तंत्राचे कौतुक करणारी समीक्षा ह्या शेवटच्या दृश्यापाशी अडखळते.

प्रमुख कृष्णवर्णीय भूमिका गोऱ्यांना का दिल्या, ह्याचे ग्रिफिथने दिलेले कारण असे की कॅलिफोर्नियात तसे नट उपलब्ध नव्हते. हे समर्थन टिकत नाही. बर्ट विल्यम्स हा कृष्णवर्णीय नट १९१० पासून ब्रॉडवेवर झीगफेल्डच्या प्रयोगांत काम करीत होता. इतकेच नव्हे, तर ग्रिफिथने ज्या वर्षी बायोग्राफ सोडली त्याच १९१३ मध्ये त्याच कंपनीसाठी विल्यम्सला घेऊन प्रामुख्याने कृष्णवर्णीय नटसंचाचा एक चित्रपट चित्रित झाला होता. तो अपुराच राहिला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती जपून ठेवलेली रिळे २०१४ मध्ये लोकांपुढे आणली. त्यांत फिरत्या पाळण्यावर बसलेली, हसणारी, प्रेम करणारी माणसे आहेत. पर्याय तेव्हाही होता.

कृष्णवर्णीयांच्या प्रगतीसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने चित्रपटाविरुद्ध देशभर मोहीम उघडली. बोस्टनमध्ये एप्रिल १९१५ मध्ये संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर ह्यांना चित्रगृहाशी अटक झाली. ओहायो व कॅन्सस ह्या राज्यांनी बंदी घातली. त्याच फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ व्यवसाय असून त्यास अभिव्यक्तीचे संरक्षण नाही असा निर्णय दिला होता. तो १९५२ मध्ये फिरविला गेला. त्यामुळे निदर्शकांपुढे कठीण पेच होता. ज्या बंदीच्या अधिकाराचा आश्रय ते घेत होते तोच अधिकार त्यांच्या स्वतःच्या चित्रपटांवर उलटणार होता, आणि तसे झालेही. १९१५ च्या नोव्हेंबरात जॉर्जियातील स्टोन माउंटन येथे विल्यम सिमन्स ह्याने क्लॅनचे पुनरुज्जीवन केले. डिसेंबरात अटलांटा येथे चित्रपट लागला तेव्हा दोहोंची जाहिरात एकमेकांच्या आधाराने झाली. जळता क्रूस हे ह्या नव्या क्लॅनचे चिन्ह मूळ क्लॅनचे नव्हते. ते डिक्सनच्या कादंबरीतून आणि चित्रपटातून आले. कथेने इतिहासाची नक्कल केली असे म्हणतात. येथे इतिहासाने कथेची नक्कल केली. पुढील काळात क्लॅन सभासद मिळविण्यासाठी हा चित्रपट दाखवीत असे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात ज्या परगण्यांत चित्रपटाचे फिरते खेळ झाले तेथे नंतरच्या महिन्यात झुंडबळी व वांशिक दंगली वाढल्याचे दाखविले आहे.

ग्रिफिथला हे आक्षेप खरोखरच कळले नाहीत, असे दिसते. त्याने १९१६ मध्ये भाषणस्वातंत्र्यावर एक पुस्तिका काढली आणि त्याच वर्षी, ५ सप्टेंबर रोजी, 'इन्टॉलरन्स' प्रदर्शित केला. हा चित्रपट म्हणजे 'बर्थ'बद्दलचे प्रायश्चित्त, ही समजूत अध्यापनात फार रूढ आहे. ती सोडावी लागते. असहिष्णू म्हणून ग्रिफिथच्या नजरेसमोर होते ते त्याच्यावर टीका करणारे आणि बंदी मागणारे लोक. बॅबिलोन, येशूचा काळ, १५७२ चे फ्रान्समधील हत्याकांड आणि आधुनिक अमेरिका अशा चार कथा त्यात समांतर चालतात व पाळणा हलविणाऱ्या स्त्रीचे दृश्य त्यांना जोडते. निवेदक-व्यवस्थेची ही परिसीमा होती. प्रेक्षक गोंधळला, कर्ज राहिले. क्रांतीनंतरच्या रशियात मात्र कुलेशोव्ह, पुडॉव्हकिन, आयझेन्स्टाइन ह्यांच्या पिढीने हा चित्रपट अभ्यासला. आयझेन्स्टाइनने १९४४ मधील आपल्या निबंधात ग्रिफिथचे डिकन्सशी असलेले नाते उलगडले आणि एक मूलगामी आक्षेपही घेतला. श्रीमंत आणि गरीब ह्या दोन रेषा ग्रिफिथकडे कायम समांतर राहतात, त्यांच्या संघर्षातून नवी कल्पना जन्मत नाही, कारण समाजाची फाळणी त्याला निसर्गदत्त वाटते. वंशाचा प्रश्न त्या निबंधाच्या केंद्रस्थानी नाही. परंतु फाळणी गृहीत धरणारे संकलन हे निदान 'बर्थ'ला 'इन्टॉलरन्स'पेक्षा अधिक लागू पडते.

१९१९ मध्ये चॅप्लिन, मेरी पिकफर्ड व डग्लस फेअरबँक्स ह्यांच्यासह ग्रिफिथने युनायटेड आर्टिस्ट्स ही संस्था काढली. त्याच वर्षीचा 'ब्रोकन ब्लॉसम्स' हा त्याचा सर्वांत कोमल चित्रपट मानला जातो. टॉमस बर्क ह्याच्या लंडनविषयक कथेवर तो आधारलेला आहे. मूळ कथेच्या शीर्षकात चिनी माणसासाठी असलेला अपशब्द ग्रिफिथने गाळला, ही नोंद त्याच्या बाजूने केली पाहिजे. लंडनच्या बकाल वस्तीत राहणारा चिनी तरुण मुष्टियोद्ध्या बापाच्या छळाने जर्जर झालेल्या लूसीला आश्रय देतो. येथे क्रौर्य गोऱ्या बापाचे आहे, सभ्यता परक्याची. साचा उलटला असे वाटते. पण हा तरुण रिचर्ड बार्थेलमेस ह्या गोऱ्या नटाने डोळे बारीक करून, खांदे पाडून उभा केला आहे आणि श्रेयनामावलीत त्याचा उल्लेख कातडीच्या रंगाने होतो. तो लूसीजवळ वाकतो, ती बिचकते, तो तिच्या बाहीचे चुंबन घेऊन मागे सरतो. परक्याला चांगले ठरायचे असेल तर त्याने देहहीन व्हावे, ही अट आहे. आणि निवेदनाच्या दृष्टीने सर्वांत बोलका तपशील असा, की ह्या एकाच कथेत सुटका करणारा परका आहे व ह्याच कथेत तो उशिरा पोहोचतो. लिलियन गिशने कपाटात कोंडलेल्या लूसीची भूमिका ज्या भयाने साकारली ते भय आजही अंगावर येते. कुऱ्हाडीने दार फुटते, लूसी मरते, तरुण बापाला गोळी घालून स्वतःलाही संपवितो.

'वे डाउन ईस्ट' (१९२०) ह्या चित्रपटाने पैसा दिला. नंतर उतार लागला. 'वन एक्सायटिंग नाइट' (१९२२) मध्ये काळा रंग फासलेला भित्रा नोकर विनोदासाठी आणलेला आहे. नव्या पिढीला ग्रिफिथची भावुकता जुनाट वाटू लागली होती. १९३० मध्ये 'बर्थ' ध्वनीसह पुन्हा काढताना वॉल्टर ह्यूस्टन ह्या नटाशी झालेला त्याचा संवाद आरंभी जोडला गेला. त्यात तो युद्धानंतर आपली आई रात्ररात्र जागून क्लॅनसाठी झगे शिवीत असे, असे सांगतो. कथा सत्य आहे काय ह्या प्रश्नाला तो सरळ उत्तर देत नाही. 'द स्ट्रगल' (१९३१) पडला आणि त्यानंतरची सतरा वर्षे त्याने एकही चित्रपट दिग्दर्शित केला नाही. १९३६ मध्ये अकादमीने सन्मानाचा पुरस्कार दिला, काम कोणी दिले नाही. १९३६ चा दुसरा विवाह १९४७ मध्ये संपला. २३ जुलै १९४८ रोजी, हॉलिवुडमधील हॉटेलात मेंदूतील रक्तस्रावाने कोसळल्यानंतर, त्याचे निधन झाले. दफन केंटकीतच, सेंटरफील्डच्या लहानशा चर्चच्या आवारात झाले.

त्याला पडद्यावरच उत्तर दिले ते ऑस्कर मिशो ह्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने. 'विदिन अवर गेट्स' हा मिशोचा चित्रपट १९२० च्या जानेवारीत, शिकागोच्या दंगलीनंतर सहा महिन्यांनी, त्याच शहरात प्रदर्शित झाला. दंगलीच्या भीतीने परीक्षणमंडळाने आधी तो अडविला होता. त्यात कृष्णवर्णीय मातापित्यांचा झुंडीने घेतलेला बळी आणि त्यांच्या मुलीवर एका गोऱ्याने चालविलेला अत्याचाराचा प्रयत्न हे दोन प्रसंग आलटून पालटून येतात. तंत्र ग्रिफिथचेच. दाराबाहेरचा माणूस मात्र बदलला आहे आणि स्वार येत नाहीत. तिच्या छातीवरील व्रण पाहून ती आपलीच मुलगी असल्याचे त्या गोऱ्याला कळते. ह्या चित्रपटाची अमेरिकेतील प्रत नष्ट झाली होती. स्पेनमध्ये 'ला नेग्रा' ह्या नावाने एक प्रत सापडली व काँग्रेसच्या ग्रंथालयाने १९९३ मध्ये ती दुरुस्त करून दाखविली. त्याच्या आदल्याच वर्षी 'द बर्थ ऑफ अ नेशन' राष्ट्रीय चित्रपटसूचीत दाखल होऊन त्यावर वाद झाला होता. अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघटनेने १९५३ पासून ग्रिफिथच्या नावे दिला जाणारा आपला सर्वोच्च पुरस्कार १९९९ मध्ये त्या नावापासून मुक्त केला. २०१८ मध्ये स्पाइक ली ह्याने 'ब्लॅकक्लान्समन'मध्ये 'बर्थ' पाहून जल्लोष करणारे क्लॅनचे सभासद आणि १९१६ मधील जेसी वॉशिंग्टनच्या झुंडबळीची हकीकत सांगणारा वृद्ध हे दोन प्रसंग समांतर जोडले. त्या वृद्धाच्या भूमिकेत हॅरी बेलाफॉन्टे आहे, आणि त्याच्यासमोर बसलेले तरुण कृष्णवर्णीय विद्यार्थी ती हकीकत शांतपणे ऐकत आहेत.